विषारी फवारे न मारता झुरळं, डास, मुंग्या, सोंडे कसे आवरायचे : पहिल्यांदाच घर मांडणाऱ्यांसाठी

घरात किडे दिसले की बहुतेकजण पहिलं काम काय करतात तर दुकानातून स्प्रे घेऊन येतात. स्प्रेने समोरचं झुरळ उलटं पडतं हे खरं, पण ट्रॉलीच्या मागे, फ्रीजच्या रबरात, सिंकखालच्या प्लायवूडच्या फटीत जी बसलेली असतात त्यांना काही होत नाही आणि आपण मात्र तो वास घेत सकाळी त्याच ओट्यावर पोळ्या लाटतो. घरात रांगतं बाळ असेल, कुणाला दमा असेल, मांजर असेल तर अजूनच वाईट, कारण या स्प्रेंमध्ये आणि डासांच्या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात आणि त्यातली काही, खास करून परमेथ्रिन, मांजरांना आणि माशांना माणसापेक्षा कितीतरी जास्त बाधतात. आणि तो झुरळांचा पांढरा खडू, तो तर शाळेतल्या खडूसारखाच दिसतो, लहान मूल उचलून तोंडात घालणारच ना.

माझं म्हणणं इतकंच आहे की किडा घरात कशासाठी आलाय ते आधी शोधा, ते बंद करा, आणि मग उरलेल्यांना मारायचं बघा. हा क्रम उलटा केला की वर्षानुवर्षं औषधं विकत आणत बसावं लागतं. नव्याने फ्लॅट घेतलेल्या, भाड्याच्या घरात पहिल्यांदा राहायला आलेल्या, लग्नानंतर वेगळा संसार मांडलेल्या लोकांसाठी हे लिहितेय, त्यामुळे अगदी सुरुवातीपासून सांगते.

पहिलं काम : रात्री टॉर्च घेऊन फिरा

जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की किचनचा लाईट बंद करा आणि तासा-दीड तासाने मोबाईलचा टॉर्च घेऊन हळूच आत जा. सिंकच्या खाली, शेगडीच्या मागे, मिक्सरच्या बुडाशी, फ्रीजच्या मागच्या कॉम्प्रेसरजवळ, सिलिंडरच्या रिंगेखाली, ट्रॉल्यांच्या बिजागऱ्यांपाशी उजेड टाका. कुठून काय पळतं ते नीट बघा, मारायची घाई करू नका. दिवसा बघायचं असेल तर कोपऱ्यात काळे बारीक ठिपके, पांढुरक्या पडलेल्या काती आणि एक प्रकारचा कुबट वास या खुणा शोधायच्या.

मग ओळख पटवा, कारण सगळी झुरळं एक नसतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळपट उभ्या रेघा असलेलं झुरळ दिसलं तर ते जर्मन झुरळ, ते तुमच्या घरातच जन्मतं, घरातच मरतं आणि ट्रॉल्यांमध्ये राहतं. दीड इंचाचं, लालसर, कधीकधी उडणारं मोठं झुरळ असेल तर ते अमेरिकन, त्याचं खरं घर ड्रेनेज आणि चेंबर, तुमच्याकडे ते मोरीच्या जाळीतून फक्त फिरायला येतं. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत, मोठ्या झुरळासाठी ट्रॉल्या रिकाम्या करत बसण्यात काही अर्थ नाही आणि लहान झुरळासाठी मोरीत काही ओतून उपयोग नाही.

अजून एक बघायची गोष्ट. लहान झुरळाच्या मादीच्या मागच्या बाजूला कधीकधी एक तपकिरी आडव्या रेघांची पिशवी लोंबताना दिसते, त्यात ३० ते ४० अंडी असतात आणि पिल्लं बाहेर पडायच्या जेमतेम आधीपर्यंत ती मादी ही पिशवी अंगावरच वागवते. स्प्रेचं औषध त्या पिशवीच्या आत सहसा पोचत नाही. म्हणून अशी मादी मारली तर नुसती केरात टाकू नका, पिशवी चिरडा नाहीतर साबणाच्या पाण्यात टाका, नाहीतर केराच्या डब्यातच पिल्लं निघायची.

पाच-सहा चिकट सापळे मिळतात, ते वेगवेगळ्या ठिकाणी भिंतीला चिकटून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. ज्यात सगळ्यात जास्त सापडली तिथे जवळच त्यांचा अड्डा आहे असं समजायचं. सापळ्याने झुरळं संपत नाहीत पण कुठे मेहनत करायची ते कळतं, आणि उपाय सुरू केल्यावर कमी होतायत की नाही हेही याच सापळ्यावरून कळतं.

दुसरं : पाणी तोडा, मग भोकं बुजवा

झुरळ खाण्याशिवाय महिनाभर काढू शकतं पण पाण्याशिवाय आठ-पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही. त्यामुळे रात्रीचं सिंक कोरडं असणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते यालाच. भांडी रात्रीच घासून टाका, ते जमत नसेल तर निदान खरकटं काढून साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा. झोपण्याआधी सिंक फडक्याने पुसा, ओलं फडकं पिळून वाळत घाला, घासणी आणि साबणाचा डबा कोरडा करा. सिंकखालचा पाईप ठिबकत असेल तर प्लंबर बोलावून वॉशर बदलून घ्या, खाली वाटी ठेवून महिने काढू नका. फ्रीजच्या मागे खाली एक ट्रे असतो त्यात पाणी साचतं, ते अनेकांना माहीतही नसतं, तो ट्रे दर आठवड्याला रिकामा करायचा आणि घासायचा. याचा उल्लेख डासांच्या वेळी पुन्हा येईल.

पुठ्ठ्याची खोकी लगेच बाहेर काढा. ऑनलाईन मागवलेल्या सामानाचे बॉक्स "लागतील कधीतरी" म्हणून माळ्यावर टाकले की झुरळांना पन्हाळीदार पुठ्ठ्यात राहायला जागा आणि त्याचा डिंक खायला, दोन्ही मिळतं. किराण्याची खोकी, कांदे-बटाट्याची पोती, जुना मिक्सर, सेकंडहँड फ्रीज किंवा ओव्हन घरात घेताना दारातच झटकून बघा, बऱ्याच घरांमध्ये लहान झुरळं पहिल्यांदा येतात ती अशीच.

आता भोकं. ओट्याखाली पाईप भिंतीत जातो तिथे कायम अंगठा जाईल एवढी फट असते, ती व्हाईट सिमेंटने किंवा एम-सीलने बुजवा. ट्रॉल्यांच्या मागच्या प्लायच्या कडा, चौकटीच्या आणि भिंतीच्या मधली फट, स्विचबोर्डच्या कडा यांना सिलिकॉन सीलंट लावता येतं, ट्यूब आणि गन हार्डवेअरच्या दुकानात मिळते, एका रविवारचं काम आहे. मोरी आणि बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपवर बारीक जाळी बसवा आणि रात्री त्यावर झाकण ठेवा. जी बाथरूम वापरात नाही तिच्या ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं आणि मग ड्रेनेजमधून मोठी झुरळं सरळ वर येतात, म्हणून तिथे आठवड्यातून एकदा मगभर पाणी ओतायचं. तेवढ्यानेच मोठ्या झुरळांचा त्रास पुष्कळ कमी होतो.

तिसरं : उरलेल्या झुरळांना मारायचं

समोर दिसलं तर अर्धा लिटर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घालून स्प्रे बाटलीत भरून ठेवा आणि थेट अंगावर मारा. झुरळ अंगाच्या बाजूच्या छिद्रांमधून श्वास घेतं, साबणाचं पाणी ती छिद्रं बंद करतं आणि ते तडफडून मरतं. मुंग्यांनाही हेच चालतं.

फटीत बसलेल्यांसाठी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं औषध म्हणजे बोरिक पावडर, तीच जी कॅरम बोर्डवर टाकतात. बोरिक पावडर आणि कणीक सारखी घ्या, थोडी साखर घाला, दुधात घट्ट मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा, काहीजण कांद्याचा कीसही घालतात. या गोळ्या बाटलीच्या झाकणांमध्ये ठेवून ट्रॉल्यांच्या मागे, फ्रीजखाली, सिंकच्या कोपऱ्यात सरकवा. झुरळ खातं, लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतं, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून काढून टाकू नका, दोन-तीन आठवडे द्या आणि गोळ्या वाळल्या की बदला. नुसती पावडर टाकायची असेल तर फटीत अगदी पातळ थर हवा, ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. आणि जिथे गोळ्या ठेवल्यात तिथे स्प्रे मारायचा नाही, त्याच्या वासाने झुरळ गोळीकडे फिरकतच नाही.

पण इथे थांबून नीट वाचा. बोरिक पावडर फवाऱ्यांच्या मानाने सौम्य असली तरी पोटात गेली तर ते विषच आहे, लहान बाळांना तर गंभीर त्रास होऊ शकतो. रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असलेल्या घरात गोळ्या हात पोचणार नाही अशाच ठिकाणी, नाहीतर ठेवूच नका, चिकट सापळे आणि साबणाचं पाणी यावर भागवा. आणि तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवायची जी पद्धत आपल्याकडे अजून आहे ती माझ्या मते पूर्ण बंद व्हायला हवी. तांदूळ कितीही वेळा धुतला तरी सगळी जाते याची खात्री कोण देणार, आणि एखाद्या दिवशी घाईत कमी धुतला गेला तर? तांदळाला दुसरे उपाय आहेत, ते खाली येतील.

मुंग्या

मुंग्यांचं सोपं आहे. पहिली मुंगी वाट शोधते आणि मागे वासाची रेघ सोडत जाते, बाकीच्या त्या रेघेवरून येतात. म्हणून नुसत्या मुंग्या पुसून उपयोग नाही, ती रेघ पुसायची, साबणाच्या पाण्याने किंवा अर्ध्या पाण्यात अर्धं व्हिनेगर घालून. त्याआधी रांगेच्या मागे मागे जा आणि त्या भिंतीच्या कुठल्या फटीतून येतायत ते बघा, ती फट बुजवा. हळदीची रेघ ओढतात, ती काही वेळ अडवते, ओली झाली की संपलं. साखर, गूळ, तूप यांचे डबे घट्ट झाकणाचे घ्या आणि मिठाईचं भांडं आजीच्या पद्धतीने पाण्याच्या परातीत ठेवा, त्याला आजही तोड नाही.

घरात अगदी बारीक, पिवळसर मुंग्या असतील ज्या पार गादीत आणि स्विचबोर्डात शिरतात, त्यांच्यावर चुकूनही फवारा मारू नका. त्यांच्या वारुळात एकापेक्षा जास्त राण्या असतात, त्रास झाला की वारूळ फुटून दोन-चार ठिकाणी नवीन तयार होतात आणि एका खोलीतल्या मुंग्या चार खोल्यांत जातात. त्यांना साखरेच्या पाण्यात चिमूटभर बोरिक घालून कापसाच्या बोळ्यावर ठेवलेलं आमिषच चालतं, तेही कमी प्रमाणात, म्हणजे ती मुंगी जिवंत परत जाऊन ते वारुळात वाटेल.

धान्याचे किडे : इथे जरा वेळ द्या

नवीन संसारात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं कारण आईकडे एप्रिल-मे मध्ये वर्षाचं धान्य कसं भरलं जायचं ते आपण बघितलेलं असतं पण केलेलं नसतं.

आधी ओळख. तांदळात आणि गव्हात काळपट, पुढे सोंड असलेले ते सोंडे किंवा टोके. पिठात आणि रव्यात लालसर चपटे छोटे किडे. चवळी, मूग, मटकी, हरभऱ्यात गोल भोकं पाडून बाहेर येणारे भुंगे. आणि रवा, पीठ, सुकामेव्यात जाळ्या झाल्या असतील तर ते पतंगाच्या अळ्यांचं काम.

एक दाणा हातात घेऊन उजेडात बघा. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून ते भोक लिंपून टाकते. बाहेरून दाणा एकदम चांगला दिसतो. आत अळी वाढते, दाणा आतून खाते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्याच्या हवेत साधारण महिनाभरात नवीन सोंडा बाहेर पडतो. म्हणून दुकानातून आणलेला स्वच्छ तांदूळ महिन्याने अचानक किड्यांनी भरतो आणि आपण म्हणतो डब्यात किडे कुठून आले, ते डब्यात आले नाहीत, ते दाण्याच्या आत होते. कडधान्याच्या भुंग्याचं उलट, तो अंडी दाण्याच्या वरच चिकटवतो, चवळीवर किंवा मुगावर पांढरे बारीक ठिपके दिसतात ती अंडीच. असे ठिपके दुकानात दिसले तर ते कडधान्य घेऊ नका. अख्ख्या कडधान्यापेक्षा डाळीला हा भुंगा कमी लागतो, म्हणून ज्यांना साठवणीचा अनुभव नाही त्यांनी डाळी थोड्या जास्त आणि अख्खी कडधान्यं थोडी थोडी आणावी.

आता करायचं काय. गहू आणि कडधान्यं निवडून, चाळून, पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली धरून फोडा, कट्ट आवाज येऊन तुटला तर वाळला, दबला तर अजून ओल आहे. ऊन दिलेलं धान्य गरम असताना डब्यात भरू नका, रात्रभर गार होऊ द्या, नाहीतर डब्यात आतून घाम धरतो, ओल येते, बुरशी येते आणि किड्यांना पाहिजे तेच होतं. गच्ची नसेल आणि बाल्कनीतच ऊन असेल तर खाली काळं प्लास्टिक, वर धान्याचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक असं झाकून कडा दाबून ठेवा, आत उघड्यापेक्षा बरंच जास्त तापतं आणि अंडीसुद्धा मरतात. हे खायच्या धान्यासाठी, पेरायच्या बियाण्यासाठी नाही.

तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नका, दाणा तडकतो आणि भाताचा लगदा होतो, इंद्रायणी किंवा आंबेमोहोर असेल तर फारच जपा. तांदूळ कमी आणा, महिना-दीड महिन्याचा, आणि आणल्या आणल्या पिशवीसकट चार दिवस ते आठवडाभर डीप फ्रीजमध्ये ठेवा. दाण्याच्या आतली अंडी आणि अळ्या थंडीने मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, आतला तांदूळ खोलीच्या तापमानाला येऊ द्या मगच डब्यात ओता, नाहीतर त्यावर दव धरतं. रवा, बेसन, पोहे, काजू-बदाम सगळ्याला हेच चालतं. फ्रीजरमध्ये जागा नसेल तर रवा हलका भाजून, गार करून भरायचा, उपमा-शिऱ्याला तो भाजावाच लागतो, मग आधीच भाजला तर काय बिघडलं.

गव्हाला आणि तुरीला एरंडेल चोळायची जुनी पद्धत चांगली आहे. हाताला जेमतेम लागेल इतकंच तेल घेऊन धान्य दोन्ही हातांनी मळत चोळायचं, प्रत्येक दाण्यावर नुसती चकाकी आली पाहिजे, तेल खाली साचता कामा नये. त्या पातळ थराने अंड्यांना हवा मिळत नाही. वाल, मटकी, चवळीला गावाकडे चाळलेली राख लावतात, राख किड्याच्या अंगावरचा मेणचट थर घासून काढते आणि तो कोरडा पडून मरतो. कडुनिंबाचा पाला टाकायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, ओला टाकलात तर त्याचीच ओल लागते. बिब्बे टाकायचे तर कापडात बांधून आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे, बिब्बा अंगाला लागला की फोड येतात. पाला आणि बिब्बे किड्यांना दूर ठेवायला मदत करतात, आधीच लागलेली कीड त्यांनी जात नाही, इतकं लक्षात ठेवा.

सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे हवाबंद डबा आणि तो काठोकाठ भरलेला. आत हवा कमी असली की जे दोन-चार किडे असतील ते प्राणवायू संपवतात आणि स्वतःच मरतात. म्हणून मोठा डबा रोज उघडू नका, आठवड्याचं धान्य छोट्या डब्यात काढून घ्या. जुन्या गव्हावर नवा गहू कधीही ओतू नका. डबा रिकामा झाला की धुवून, उन्हात वाळवून, झाकणाच्या खाचेत काडी फिरवून मगच भरा. घरघंटी असेल तर दर वेळी दळून झाल्यावर आतलं पीठ ब्रशने काढा, लाल किडे तिथेच पोसतात. जाळ्या झाल्या असतील तर फक्त डबा साफ करून पुरत नाही, त्या अळ्या भिंतीवर चढून कपाटाच्या कोपऱ्यात आणि छताच्या कडेला कोष करतात, तेही पुसून काढायला लागतं.

आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, सल्फासच्या गोळ्या घरात आणायच्या नाहीत. म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्यावर उतारा नाही, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावलेली आहेत. गोदामात, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने वापरायची ती गोष्ट आहे. पाऱ्याच्या गोळ्याही नकोतच.

डास : बादलीत बघा

डासांच्या बाबतीत उडणाऱ्या डासामागे धावण्यापेक्षा पाण्यातल्या अळीमागे जा, कारण पाण्यात तो पळून जाऊ शकत नाही. डेंग्यूचा एडिस डास, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा, हा स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात, त्यामागचं गणित हे आहे. फ्रीजचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या बशा, बाटलीतला मनीप्लांट, एसीचं पाणी पडतं ती बादली, गच्चीवरची ताडपत्री, करवंट्या, टायर, वापरात नसलेल्या टॉयलेटचा फ्लश, हे सगळं त्या दिवशी रिकामं करायचं. आणि नुसतं ओतून देऊ नका, आतून घासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. पिंप घासलं नाही तर कोरडा दिवस अर्धाच झाला.

अळी दिसली तर कुठल्या डासाची ते ओळखता येतं. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल तर ॲनोफिलिस, म्हणजे मलेरियाचा. शेपटीकडची नळी वर आणि डोकं खाली करून लटकलेली असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. शहरात ॲनोफिलिस गच्चीवरच्या टाक्यांमध्येही वाढतो, त्यामुळे सोसायटीच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का आणि ओव्हरफ्लोच्या पाईपला जाळी आहे का हे एकदा स्वतः वर जाऊन बघा. क्युलेक्स गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये, त्याच्यासाठी टँकच्या उभ्या व्हेंट पाईपच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधायची, दहा-वीस रुपयांचं काम, पण त्या पाईपातून किती डास बाहेर पडतात ते संध्याकाळी बघितलं की पटतं.

हौद, विहीर, शोभेची टाकी असेल तर गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात, बऱ्याच ठिकाणी आरोग्य खात्याकडे किंवा आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. मात्र ओढ्यात, नदीत, तळ्यात सोडू नका, तिथल्या आपल्या माशांना ते त्रासाचे ठरतात. गावाकडे घर असेल तर सांडपाण्याला शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि डास आटोक्यात आणले, मग तोच प्रयोग जिल्ह्यातल्या इतर गावांनी उचलला. मला हे उदाहरण फार आवडतं कारण त्यात फवारणी कुठेच नाही.

खिडक्यांना जाळ्या, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी दारं-खिडक्या बंद, आणि झोपताना मच्छरदाणी. बाळाला तर मच्छरदाणीच. डास उडायला कमजोर असतो, टेबलफॅन पायांच्या दिशेने लावला तरी पुष्कळ फरक पडतो. कॉइल लावून बंद खोलीत झोपू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात असं आढळलं होतं. कडुनिंबाचा धूर, धूप, शेणीचा धूरही शेवटी धूरच, दम्याच्या माणसाजवळ तो नको. सिट्रोनेलाचं तेल तास-दोन तास चालतं, मग पुन्हा लावावं लागतं. प्लगमध्ये लावायची आवाजाची यंत्रं विकतात ती घेऊ नका, त्यांनी ना डास जातात ना झुरळं.

ढेकूण

ढेकूण झाले म्हणजे घर घाणेरडं असं अजिबात नाही. ते हॉस्टेलच्या कॉटमधून, सेकंडहँड सोफ्यातून, प्रवासाच्या बॅगेतून येतात, त्यामुळे लाजून लपवू नका, लवकर कळलं तर लवकर आटोपतं. गादीच्या शिवणी, कॉटचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडच्या फळीच्या मागे, तिथे काळे डाग आणि काती दिसतील. उष्णता हा त्यांच्यावरचा खरा इलाज, ५० अंशांच्या वर तापमान आत पोचलं की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. लोखंडी कॉट गच्चीवर नेऊन सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओता. चादरी, उशांचे अभ्रे, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. लाकडी पलंगाला वाफेचं मशीन किंवा स्टीम इस्त्री सांध्यांवरून हळूहळू फिरवा. जाड गादी नुसती उन्हात टाकून आतपर्यंत तापत नाही, तिला सगळीकडून चेन असलेलं कव्हर घालून वर्षभर तसंच ठेवा, कारण ढेकूण उपाशी कित्येक महिने काढतो. पलंग भिंतीपासून लांब ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. दर आठवड्याला पुन्हा तपासा, एकदा करून हे होत नाही. रॉकेल ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आग लागते.

बाकीचे, थोडक्यात

चिलटं केळ्या-आंब्यांवर येतात, वाटीत थोडं व्हिनेगर आणि साबणाचा थेंब घालून ठेवा, बुडतात. मोरीतल्या बारीक केसाळ माशा ट्रॅपच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतात, ब्रशने तो थर खरवडून काढला की संपल्या. पुस्तकांत, कपड्यांत कसर लागते ती दमट हवेमुळे, कपाट भिंतीपासून थोडं सरकवा, पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाका, वेखंडाचे तुकडे ठेवा. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत तर मुळीच नकोत, काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असते आणि त्या वासानेही त्यांच्या लाल पेशी फुटतात. कापूर दिसायला घरगुती, पण मुलाने खाल्ला तर झटके येतात, तोही उंचावरच. पाली मारू नका, त्या रात्रभर तुमचंच काम करत असतात.

वाळवीचं मात्र घरच्या घरी पूर्ण होत नाही हे सरळ सांगते. भिंतीवर मातीची नळी दिसली तर ती फोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधली गेली तर आत वाळवी जिवंत आहे. भिंतीची गळती थांबवा, लाकूड आणि रद्दी भिंतीपासून लांब ठेवा आणि मग चांगल्या माणसाला बोलवा.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायची वेळ आलीच तर झुरळांसाठी फवारणी नको, जेलचे, म्हणजे झुरळं खातील अशा औषधी आमिषाचे ठिपके लावा असं स्पष्ट सांगा. औषधाचा डबा दाखवायला लावा. आपल्याकडे कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत चौकोन असतो, त्यात लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. लाल किंवा पिवळा दिसला तर घरात वापरू देऊ नका, आणि लेबल नसलेल्या बाटलीतलं काही फवारायला लागला तर परत पाठवा. जेल लावून गेल्यावर त्या जागा फिनेलने पुसू नका आणि तिथे स्प्रेही मारू नका, कामवाल्या मावशींनाही ते कोपरे दाखवून ठेवा.